सेहतबाई आणि पाहुणा

आमच्या रुकय्या चाचीने पडद्यातल्या बाईला काडीची किंमत दिली नाही आणि दोन फुटी प्लास्टिकच्या माणसाला मात्र घरचा पाहुणा करून घेतला. गोष्ट एवढीच आहे. पण या एवढ्याशा गोष्टीपायी मी महाड ते पोलादपूर एसटीत उभ्याने गेलो, एका सरकारी साहेबापुढे करमणूक म्हणजे काय यावर बोललो आणि दहावी ब च्या वर्गाला असा एक शास्त्रीय सिद्धांत शिकवून बसलो की तो आठवला की आजही माझे कान गरम होतात. इतकी वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या माणसावर ही पाळी यावी, यात दोष विज्ञानाचा नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात कुवेतहून झाली. चाचीचा मुलगा फुरकान तिकडे क्रेन चालवतो. एका जुम्म्याला त्याचा फोन आला तो तापलेलाच.

"नझीरभाई, अम्मीची शुगर कुठे गेलीय ठाऊक हाय तुम्हाला? गोळ्यांची पाकिटं तशीच पडलीत. विचारलं तर बोलते विसरले. डॉक्टर उन्हाळ्यात परत तपासणार हायत. तोपर्यंत खाली आली नाय ना, तर मी येऊन घराला कुलूप लावणार आणि अम्मीला मुंब्र्याला अमरीनकडे नेऊन ठेवणार. आता बस झालं."

अमरीन म्हणजे चाचीची मुलगी. मुंब्र्याला चौथ्या माळ्यावर राहते. मुलगी गुणी, जावई गुणी, पण चाची त्या घरी दोन दिवस राहिली की तिसऱ्या दिवशी पिशवी भरायला घेते. महाडला आमच्या घराला लागूनच तिचं स्वतःचं घर, विहीर, सहा कोंबड्या आणि ओटा. ओट्यावर बसलं की मोहल्ल्यात येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तिच्या ताब्यात. "चौथ्या माळ्यावरून मानूस दिसतं रे," ती मला म्हणाली होती, "पन हाक मारली तर वर बघत नाय. तिथं मी नाय जगायची." हे तिने हसत सांगितलं होतं, पण पदराशी चाळा करत. मला ते पाहवलं नाही.

"तू काळजी करू नको, फुरकान," मी फोनवर म्हणालो. "चाचीच्या गोळ्यांचं मी बघतो."

स्वयंपाकघराच्या दारात माझी बायको रिझवाना उभी होती. "तुम्ही 'बघतो' म्हणालात की मला धडकी भरते," ती म्हणाली. तिच्या मनात आमचा मिक्सर होता. तो विषय इथे नको.

आता वेळेवर गोळीची आठवण करणं, यात अवघड ते काय? माणूस नेमता येत नाही, पण यंत्र नेमता येतं. फुरकानने मागच्या खेपेला आणलेला कॉम्प्युटर चाचीकडे विणलेल्या रुमालाखाली पडून होता. मी सुट्टीत कॉम्प्युटरचा वर्ग केला होता आणि त्या ज्ञानाच्या हाताला काम नव्हतं. मी कामाला लागलो. अख्खी दिवाळीची सुट्टी खपून मी पडद्यावर एक बाई तयार केली. डोक्यावर ओढणी, गालाला लाली, चेहऱ्यावर माया. गोळीची वेळ झाली की ती हजर व्हायची, बोट वर करायची, ओठ हलवायची आणि रिझवानाच्या आवाजात बोलायची, "अस्सलामु अलैकुम चाची. गोळीची वेळ झाली. पाण्याबरोबर एक गोळी घ्या." गोळी घेतली की एक बटण दाबायचं, नाहीतर ती पुन्हा बोलायची. तिचं नाव मी सेहतबाई ठेवलं. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा तिचे ओठ हलले तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

उद्घाटनाला शेजारची सुरेखा आली. तिचा नवरा एसटीत कंडक्टर, त्यामुळे गर्दीत पुढे घुसायची विद्या घरातलीच. ती पडद्याजवळ जाऊन बराच वेळ बघत राहिली.

"भाऊजी, हिचा एक डोला मोठा कशापायी हाय?"

"तो प्रकाशाचा परिणाम आहे."

"मला वाटलं डोला मारतेय."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. सेहतबाई गोड आवाजात बोलली. चाची तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"चाची, ती तुमच्याशी बोलतेय."

"बोलू दे की. टीव्हीतली पन बोलतात. त्यांना आपन कुठं जबाब देतो?"

"अहो, पण ती तुमचं नाव... म्हणजे तुम्हालाच सांगतेय ना, गोळी घ्या म्हणून."

"कोन हाय ती? कुनाची, कुठली, काय ठाव? बिनबोलावता घरात येते आणि हुकूम सोडते."

पुढच्या आठवड्यात मी विचारपूस केली. नमाजाच्या वेळी समोर चेहरा नको म्हणून चाचीने सेहतबाईवर तो विणलेला रुमाल टाकला होता आणि काढायची विसरली होती. सेहतबाई रुमालाखालून दोन्ही वेळा बोलत होती. आधी कोंबड्या दचकायच्या, मग त्याही सरावल्या. पाकिटातल्या गोळ्या जशाच्या तशा. वर चाचीने रिझवानाला मायेने सांगितलं, "आवाज चांगला हाय गो तुजा, पन किती बोलतंस!" त्या संध्याकाळी माझ्या ताटात भाकरी पडली ती जरा उंचावरूनच पडली.

मी फुरकानला खरं ते कळवलं. तो म्हणाला, "थांबा, मी एक चीज पाठवतो." आणि ती चीज पाठवली.

इम्रान टेम्पोवाला मुंबईच्या विमानतळावरून ती घेऊन आला. तिथल्या साहेबांनी तो खोका तीनदा उघडायला लावला म्हणे. आत काय आहे, तर माणूस. मग त्यांनी त्याला चालवून दाखवायला लावलं, आणि सगळे साहेब आपापली टेबलं सोडून बघायला आले. हे इम्रान सांगत होता तोवर ओट्यावर निम्मा मोहल्ला जमला होता. नाते गावाहून दूध घेऊन येणारा भैरू किटल्या खाली ठेवून पुढे आला. मी खोका उघडला. आतून दोन फुटांचा पांढरा रोबो निघाला. गोल डोकं, निळे डोळे, पायांच्या जागी चाकं, पुढे केलेल्या हातात छोटं तबक आणि पोटात घड्याळ. पाठीत चार मोठे सेल घातले की ठरल्या वेळेला तो आपणहून पुढे सरकायचा, डोळे पेटवायचा आणि त्यात भरून ठेवलेलं वाक्य बोलायचा. समोर काही आलं की थांबायचा. माहितीपुस्तक होतं, पण ते चिनी आणि अरबी या दोन भाषांत. मी दोन्ही नीट न्याहाळून बाजूला ठेवली.

सेल घातले. डोळे पेटले आणि तो चुकून थेट भैरूच्या दिशेने निघाला. भैरू हात जोडून मागे सरकत सरकत ओट्याची पायरी चुकला आणि खाली बसला. बायका किंचाळल्या, मग हसल्या, मग पुन्हा चालवा म्हणाल्या. खरंच सांगतो, मलाही तेच हवं होतं. इतक्या वर्षांत मी वर्गात विजेचा झटका सोडून मुलांना काही दाखवलं नव्हतं.

मी त्यात माझा आवाज भरला, "चाची, गोळी घ्या." तबकात गोळी ठेवली, शेजारी पाण्याचा पेला. संध्याकाळी वेळ झाली. रोबो गुरगुरत निघाला, पाटावर बसलेल्या चाचीच्या पायाला हळूच टेकला आणि हात पुढे करून उभा राहिला.

चाची गडबडीने उठली. "आलास? थांब हां बाबा, हात पुसते." तिने पदराला हात पुसले, गोळी घेतली, पाणी प्याली आणि पेला परत तबकात ठेवून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "बस रे जरा. उभा किती वेल राहशील?"

मी थक्क झालो. थक्क झालो आणि, का लपवू, मला लागलंही. दिवाळीची सुट्टी जाळून मी माया ओतून बाई केली, तिच्याकडे बघायला हिला फुरसत नाही. आणि या परक्या प्लास्टिकला बसायचा आग्रह!

पण विज्ञानाच्या शिक्षकाने रुसून चालत नाही, प्रयोग करावा लागतो. कदाचित फरक आवाजाचा असेल. म्हणून सेहतबाईच्या तोंडीही मी माझाच आवाज घातला. तेच वाक्य, तीच वेळ. त्या संध्याकाळी रोबोचे सेल काढून घेतले आणि रुमाल काढला. गालाला लाली लावलेली सेहतबाई माझ्या घोगऱ्या आवाजात बोलली. सुरेखा भिंतीला टेकून हसत हसत खाली बसली.

"बिचारीचा घसा बसला," चाची म्हणाली आणि भाकऱ्या थापायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी रोबो, तोच आवाज, आणि गोळी पोटात. मी चाचीला सरळच विचारलं, की बाई सांगते ते ऐकत नाही आणि याचं का ऐकता?

"ती काचेच्या पलीकडं हाय. तिचं काय अडतंय? हा बघ, हात पुढं करून दारात उभा राहतो. पावण्याला ताटकलत ठेवायचं काय?"

तेव्हापासून त्याचं नाव पाहुणा पडलं.

आता पाहुणा म्हटला की पाहुणचार आला. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आमच्यात पाहुण्याला सोडून एकट्याने खात नाहीत. चाची रोज सकाळी पाहुण्यापुढे ताटली ठेवू लागली. सांदणं, वर नारळाचं गोड दूध. पाहुणा खायचा नाही. पण पाहुण्याच्या ताटातलं टाकूनही देत नाहीत, मग ते चाचीच संपवायची. रिझवानाने एक दिवस हे पाहिलं आणि घरी येऊन मला बातमी दिली.

"मुबारक हो. चाची गोळी एकटीची घेते आणि सांदणं दोघांची खाते."

मी रात्रभर विचार केला आणि सकाळी पाहुण्यात नवं वाक्य भरलं, "चाची, गोळी घ्या. मला पण शुगर आहे. गोड नको."

चाचीच्या हातातली ताटली तशीच राहिली. "अल्ला! एवढ्याशा वयात?"

बातमी पाणी भरायच्या वेळेला मोहल्लाभर गेली. भैरूने दूध मोजता मोजता निदान केलं, "कुवेतची हवा, दुसरं काय? तिथं जातो त्याला होतेच." सुरेखा दुसऱ्याच दिवशी कारल्याच्या रसाचा पेला घेऊन हजर. कुणी मेथ्या भिजत घालायला सांगितल्या, कुणी जांभळाच्या बियांची पूड आणली. या सगळ्यांना पाहुणा सेलवर चालतो हे ठाऊक होतं. स्वतःच्या डोळ्यांनी त्यांनी मला सेल घालताना पाहिलं होतं. तरीही पूड आणली. आणि सेहतबाईच्या घशासाठी मात्र कुणी साधी आल्याची वडी आणली नव्हती, हे मी मनात नोंदवून ठेवलं. पण एक काम झालं. चाचीने गोड सोडलं. "त्याच्या तोंडावर कसं खायचं रे? बरं दिसतं काय?" ती म्हणाली, आणि कारल्याचा रस पाहुण्याच्या वाटचाही पिऊ लागली.

सकाळ-संध्याकाळ गोळीच्या वेळी ओट्यावर माणसं जमू लागली. ही गर्दी तालुक्याच्या कुठल्याशा कचेरीपर्यंत पोचली. एक साहेब कातडी पिशवी घेऊन आले. त्यांना कळलं होतं की इथे रोज दोन खेळ होतात. खेळ म्हटला की करमणूक, करमणूक म्हटली की परवानगी. मी त्यांना करमणूक आणि औषधोपचार यांतला फरक सांगायला सुरुवात केली. ते म्हणाले, माणसं हसतात की नाही? हसतात ना, मग ती करमणूक. मी म्हणालो, माझ्या वर्गातही मुलं हसतात. ते म्हणाले, तो विषय शिक्षण खात्याचा.

शेवटी चाची पुढे झाली. "साहेब, मी गोळी गिलते ती बघाया येतात. कडू असते. ह्यात कसली करमनूक?"

इतक्यात वेळ झाली आणि पाहुणा निघाला. साहेब वाटेत उभे होते. ते चटकन बाजूला झाले, त्याला वाट दिली. पाहुण्याला ती कळली नाही, तो तिरका सरकत त्यांच्याच बुटाला जाऊन टेकला आणि हात पुढे करून उभा राहिला. तबकात गोळीशेजारी माझ्यासाठी ठेवलेला चहाचा कप होता. साहेबांनी तो उचलला, पाहुण्याकडे वाकून "थँक्यू" म्हणाले आणि उभ्याने प्यायले. मग आपण कुणाला थँक्यू म्हणालो हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण ते पिशवी उचलून काही न लिहिताच गेले. माझ्या व्याख्यानाचा उल्लेखही त्यांनी केला नाही.

सगळं असं जमून आलं आणि पाहुणा आजारी पडला.

एका सकाळी सुरेखाने ओट्यावरून हाक मारली, "भाऊजी, पावना बोलत नाय!" मी समोरचं घावन तसंच टाकून पेचकस घेऊन धावलो. खरं तर त्याच्या पाठीचं झाकण नखाने उघडतं, पण जमलेल्या माणसांपुढे मी नख वापरणार नाही. आत पाहिलं तर चारांपैकी एक सेल उलटा बसला होता. मी तो सुलटा केला, पाहुणा बोलला, लोकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. चाचीने चहा केला, घावनं काढली. तासभर बसलो, शाळेची घंटा चुकली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुन्हा एक सेल उलटा. तिसऱ्या दिवशीही तेच. मी रोज जाऊ लागलो, कधी रिझवाना बरोबर यायची, कारण माझ्यावर तिचा भरवसा नव्हता. सेल कोण उलटा करतं? घरात चाची एकटी, आणि ती तर बिचारी काळजीने माझ्या बाजूला बसून असायची. "आज परत काय झालं रे ह्याला?" असं विचारायची. भैरूच्या मते हे कुणाची तरी नजर लागल्याचं काम. सुरेखाच्या मते शुगर वाढली की असंच गळून जातं. या अडाणी तर्कांना उत्तर द्यायचं म्हणून मी एक सिद्धांत मांडला. आमच्याजवळून हायवे जातो. त्यावरून रात्री अवजड ट्रक जातात, त्याने जमीन थरथरते, आणि त्या थरथरीने सेल स्वतःभोवती हळूहळू फिरतो. याला मी कंपनजन्य विद्युतघट-परिभ्रमण असं नाव दिलं. दहावी ब ला फळ्यावर आकृती काढून समजावलं. एका कार्ट्याने विचारलं, "सर, मग आमच्या घरच्या बॅटरीतला सेल का नाही फिरत?" त्याला मी बाकावर उभा केला.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून मी पाहुण्याला पोलादपूरला गोमाजीकडे न्यायचं ठरवलं. गोमाजी रेडिओ दुरुस्त करतो आणि घाटातल्या वाड्यांपर्यंत त्याचं नाव आहे. पाहुण्याला थंडी लागेल म्हणून चाचीने शाल गुंडाळून दिली. एसटीत जागा एकच मिळाली. कंडक्टर आला.

"मास्तर, पोराचं हाफ?"

"पोर नाही, यंत्र आहे."

"मग सामान. टपावर टाका."

"टपावर?" मागच्या बाकावरचा कुडपणचा एक म्हातारा उसळला. शालीतून पाहुण्याचं डोकं बाहेर आलं होतं आणि ते त्याने नीट पाहिलंही होतं. "अवो, नाकडोळ्याचं हाय ते! टपावर कसं टाकता?" सगळी गाडी त्याच्या बाजूने झाली. सामान म्हणाल तर सीटवर ठेवता येत नाही, प्रवासी म्हणाल तर वय सांगा, असा पेच कंडक्टरने टाकला. शेवटी निकाल असा लागला की पाहुण्याला तिकीट नाही, पण त्याला हिंदकळू द्यायचं नाही. म्हणून तो माझ्या सीटवर खिडकीशी बसला, शेजारच्याशी जागा बदलून तो म्हातारा त्याला धरून बसला, आणि मी, ज्याच्या हातात पूर्ण तिकीट होतं तो, दांडा धरून पोलादपूरपर्यंत उभा राहिलो. म्हातारा त्याला वाटेत सावित्री नदी दाखवत होता.

गोमाजीने पाहुण्याला टेबलावर ठेवून दोन दिवस नजरेखाली ठेवलं. एकदाही सेल फिरला नाही. "मास्तर," तो म्हणाला, "ह्याला काय झालेलं नाय. बिघाड असलाच तर तो तुमच्या घरात हाय." दुकानाजवळूनच हायवे जातो हे माझ्या ध्यानात आलं, पण मी ते मनावर घेतलं नाही. सिद्धांत इतक्या सहजासहजी सोडायचा नसतो. या दोन दिवसांत पाहुणा नव्हता म्हणून मी, रिझवाना आणि सुरेखा आळीपाळीने चाचीकडे जाऊन बसत होतो. तिने गोळ्या हूं की चूं न करता घेतल्या. सवय लागली असेल, असं मी म्हणालो.

उन्हाळ्यात तपासणी झाली. शुगर उतरली होती! डॉक्टरांनी कागद माझ्या हातात दिला तेव्हा मी दवाखान्यातच चाचीचे हात धरले. तिने आधी विचारलं, "मंग मुंब्रा नाय ना?" आणि नाही म्हटल्यावर ती बाकावर बसून पदराने डोळे पुसू लागली. माझंही काही वेगळं चाललं नव्हतं.

फुरकान सुट्टीवर आला तो मिठाईचे खोके घेऊन. ते रिझवानाने दारातच जप्त केले. त्याने पाहुण्याला उचलून त्याचे मुके घेतले. माझ्या पाठीवर एक थाप मारली, पण पाहुण्याच्या मुक्यांनंतर. मग त्याने खिशातून एक चित्र काढलं.

"अम्मी, आता हा जुना झाला. नझीरभाई सांगत होते, रोज बिघडतो. हा नवीन बघ. ह्याला सेल लागत नाय. स्वतः जाऊन भिंतीच्या पिनेला लागतो, स्वतः चार्ज होतो. गोळ्यापन आतच ठेवायच्या, महिन्याच्या. कोणी यायला नको, बघायला नको. नझीरभाईंना रोजचा त्रास संपला!"

चाचीचा चेहरा उतरला. "नको," ती म्हणाली.

"अगो अम्मी, पण हा कधी बिघडतच नाय."

"म्हनून तर नको."

ती उठली. पाहुण्याजवळ बसली, नखाने पाठीचं झाकण उघडलं, एक सेल काढला, उलटा करून घातला आणि झाकण लावलं. सगळं इतकं झटपट, की मी पेचकस घेऊन काय करत होतो असा प्रश्न तिथे बसलेल्या प्रत्येकाला पडला असणार.

"तुजे अब्बा बॅटरी ठेवताना असाच एक सेल उलटा घालायचे. आतल्या आत संपत नाय. तसा मी ह्याचा घातला, रात्री कशाला फुकट जालायचे? सकाली सुलटा करायची विसरले. हा बोलला नाय, तर हा नझीर खानं टाकून धावत आला. तासभर बसला. शालेतल्या गजाली सांगितल्या, घावन खाल्लं. मंग मी..." ती माझ्याकडे बघून हसली. पकडलेलं मूल हसतं तशी. "मंग मी रोजच विसराया लागले."

कंपनजन्य विद्युतघट-परिभ्रमण माझ्या डोळ्यांदेखत वारलं.

"आणि सेहतबाई?" मी विचारलं. मला विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"ती कवा बिघडली? तू तिला चालू केलीस आनि गेलास, तो आठ दिवस फिरकला नायस. बोललास, आता ती हाय ना. मला राग आला होता रे तिचा. तिच्यापायी तुमी यायचे बंद झालात, आनि मी तिचं ऐकायचं?"

रिझवाना आधी हसली, मग तिने चाचीच्या खांद्यावर डोकं टेकलं. फुरकानच्या हातात ते चित्र तसंच होतं. "अम्मी, मी फोन करतो की दर जुम्म्याला," तो हळूच म्हणाला.

"तुजा फोन पन कदी बिघडत नाय बाबा."

फुरकानने चित्राची घडी घातली. घराला कुलूप लावायचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही, आणि त्या खेपेला सुट्टी वाढवून घेतली. नवा रोबो कुवेतलाच राहिला. सेहतबाईला मी शाळेत नेलं. तिथे ती रुमालाशिवाय बोलते, मुलं अजून तिच्या डोळ्याबद्दल विचारतात.

फुरकान गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाश्त्याला बसलो होतो. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. तरी भिंतीपलीकडून हाक आली.

"नझीर! पावना बोलत नाय रे!"

रिझवानाने माझी ताटली झाकून ठेवली आणि पेचकस हातात दिला. चाचीकडे सुरेखा आधीच येऊन बसली होती, भैरूनेही किटल्या टेकवल्या होत्या. तबकात गोळी तयार होती. मी मांडी घातली, झाकण काढलं. एक सेल उलटा होता. मी चारही बाहेर काढले, एकेक उजेडात धरून पाहिला आणि गंभीरपणे मान हलवली.

"चाची, आज बिघाड मोठा दिसतोय. वेळ लागेल."

"लागू दे," चाची गोळी तोंडात टाकत म्हणाली. "तवा ठेवलाय मी."